क्रिस्टलच्या भांड्यांतील शिसे : शोभा, वापर आणि मर्यादा

व्यापारी कुटुंबांच्या दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात क्रिस्टलचा एखादा संच हमखास आढळतो. लग्न, वास्तुशांती, नव्या पेढीचे उद्घाटन अथवा दिवाळी अशा निमित्ताने तो भेटीदाखल आलेला असतो. कधी परदेशी गेलेल्या नातेवाइकाने जपून आणलेला असतो. एरवी तो कुलुपात राहतो आणि व्याही, जावई किंवा मोठे ग्राहक घरी आले की बाहेर निघतो. त्या दिवशी नक्षीदार जगात लिंबाचे अथवा कोकमाचे सरबत सकाळीच करून ठेवले जाते आणि दुपारी त्याच संचातील पेल्यांतून दिले जाते. घरात बाळंतपणासाठी आलेली लेक असेल, नातवंडे असतील, तर हौसेने त्यांच्याही हाती तेच पेले येतात. या आदरातिथ्यात एक बारीक धोका दडलेला आहे. त्याची माहिती असली, तर तो विनाखर्च टाळता येतो.

या भांड्यांना क्रिस्टल म्हणजे स्फटिक म्हणत असले तरी ती स्फटिकाची नसतात. ती काचच असते. साधी काच वाळू, सोडा आणि चुना यांपासून होते. खऱ्या क्रिस्टलमध्ये चुन्याच्या जागी शिशाचा ऑक्साइड घातलेला असतो. शिशामुळे काच वजनदार होते, प्रकाश अधिक वळवते आणि कापलेल्या पैलूंतून इंद्रधनुष्याचे रंग फाकतात. वितळलेली काच अधिक वेळ मऊ राहते, आणि थंड झाल्यावरही तिच्यावर नक्षी कोरणे सोपे जाते. लंडनमधील व्यापारी जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याने १६७४ मध्ये नव्या काचेचे पेटंट घेतले. त्याच्या आरंभीच्या भांड्यांना कालांतराने बारीक तडे जात. पुढील काही वर्षांत शिशाचे प्रमाण सुधारून त्याने हा दोष दूर केला. तेव्हापासून सुमारे तीनशे वर्षे शिसे हाच उत्तम काचेचा कस मानला गेला.

हा कस कायद्यानेही मान्य केला होता. युरोपीय समुदायाने १९६९ मध्ये क्रिस्टल काचेविषयी एक निर्देश काढला. त्यानुसार ३० टक्के किंवा अधिक शिशाचा ऑक्साइड असलेली काच पहिल्या प्रतीची आणि २४ टक्के किंवा अधिक असलेली दुसऱ्या प्रतीची ठरली. या दोन्ही प्रतींना सोनेरी गोल चिठ्ठी लावण्याची मुभा मिळाली. त्याखालच्या प्रतींसाठी रुपेरी चौकोन आणि रुपेरी त्रिकोण अशा चिठ्ठ्या ठरल्या. ग्राहकाला हलका माल भारी म्हणून विकला जाऊ नये, हा या नियमाचा उद्देश होता. आरोग्याचा विचार त्यात नव्हता. त्यामुळे जितके शिसे अधिक, तितकी प्रत वरची, असा हिशेब झाला. आज कपाटातील जुन्या पेल्यावर ती सोनेरी गोल चिठ्ठी टिकून असेल, तर तिच्याकडे प्रतीची खूण म्हणून पाहण्याबरोबरच सावधगिरीची खूण म्हणूनही पाहिले पाहिजे.

शिशाचे प्रमाण किती मोठे असते, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. २४ टक्के ऑक्साइड म्हणजे शुद्ध शिसे २२ टक्क्यांहून थोडे अधिक. एक किलो वजनाच्या जगात सुमारे सव्वादोनशे ग्रॅम शिसे असते. मात्र ते काचेच्या रचनेत बांधलेले असते. जग हाताळल्याने, पुसल्याने किंवा कपाटात ठेवल्याने कोणाला अपाय होत नाही. प्रश्न आहे तो त्यातून बाहेर किती पडते याचा. आणि ते ठरते आत काय ओतले व किती वेळ ठेवले यावरून.

आंबट पेयातील आम्लाचे हायड्रोजन आयन काचेच्या पृष्ठभागात शिरतात आणि त्यांच्या बदल्यात शिशाचे आयन पेयात उतरतात. हा एक प्रकारचा विनिमयच होय. पेय जितके आंबट, जितके उष्ण आणि जितका वेळ भांड्यात राहिलेले, तितका हा विनिमय अधिक. भांडे नवे असताना पृष्ठभागावरील शिसे लवकर सुटते. वारंवार वापरानंतर वेग मंदावतो, परंतु पूर्ण थांबत नाही. काचेच्या पोटात साठा मोठा असल्याने तो आयुष्यभर संपणारा नाही.

आम्ल आणि शिसे यांचे हे नाते जुने आहे. अठराव्या शतकात इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात सफरचंदाचे आंबवलेले पेय पिणाऱ्यांना तीव्र पोटशूळ आणि हातापायांचा लुळेपणा येत असे. लोक त्याचा दोष पेयाच्या आंबटपणाला देत. डॉक्टर जॉर्ज बेकर यांनी १७६७ मध्ये दाखवून दिले की, डेव्हनमधील रस काढण्याच्या यंत्रसामग्रीत शिसे वापरले जात होते आणि तेच पेयात उतरत होते. इतर ज्या परगण्यांत शिशाचा असा वापर नव्हता, तेथे हा आजार सहसा आढळत नसे. पेयाचा दोष नव्हता. दोष पात्राचा होता.

क्रिस्टलच्या भांड्यांबाबत हीच शंका विसाव्या शतकाच्या अखेरीस तपासली गेली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील जोसेफ ग्राझियानो आणि कॉनराड ब्लम यांनी १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी पोर्ट नावाची वाइन क्रिस्टलच्या सुरयांत भरून ठेवली. आरंभी तिच्यात लिटरमागे ८९ मायक्रोग्रॅम शिसे होते. चार महिन्यांनंतर ते दोन हजार ते पाच हजार मायक्रोग्रॅमपर्यंत पोहोचले. पाच वर्षांहून अधिक काळ सुरईत राहिलेल्या ब्रँडीत लिटरमागे सुमारे वीस हजार मायक्रोग्रॅम शिसे आढळले. पेल्यात ओतलेल्या पांढऱ्या वाइनमधील शिशाचे प्रमाण तासाभरात दुप्पट आणि चार तासांत तिप्पट झाले.

हे आकडे कशाशी ताडून पाहावेत? पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकातही तीच आहे. चार महिन्यांच्या पोर्टमधील शिसे या मर्यादेच्या दोनशे ते पाचशे पट झाले. पाणी आपण दिवसाला काही लिटर पितो आणि असे पेय घोटभर, हा फरक लक्षात घेतला तरी अंतर फार मोठे आहे.

येथे एक प्रश्न सहज उभा राहतो. ज्या घरांत मद्याला थारा नाही, त्यांनी या चाचण्यांची चिंता का करावी? चाचण्या मद्यावर झाल्या, कारण त्या देशांत क्रिस्टलच्या सुरईत मद्यच ठेवण्याची रीत आहे. शिसे ओढून काढण्याचे काम मुख्यतः आम्ल करते. वाइनचा पीएच सुमारे ३ ते ४ असतो. लिंबाच्या रसाचा २ ते ३. पीएच जितका कमी, तितकी आम्लता जास्त. शिवाय लिंबू आणि संत्रे यांतील सायट्रिक आम्ल शिशाला आपल्याशी बांधून घेते. कोकम, चिंच, कैरीचे पन्हे, आवळ्याचा रस ही सारी आंबटच आहेत. बाटलीबंद शीतपेयेही चांगलीच आम्लधर्मी असतात. सकाळी करून क्रिस्टलच्या जगात दुपारपर्यंत ठेवलेले सरबत आणि पेल्यात चार तास राहिलेली वाइन यांत रसायनशास्त्राच्या दृष्टीने फारसा भेद नाही.

शरीरात गेलेल्या शिशाचे पुढे काय होते, हे समजून घेतले म्हणजे सावधगिरीचे कारण कळते. शरीराला शिशाचा कोणताही उपयोग नाही. मात्र शरीर ते कॅल्शियम समजून वागवते. रक्तातील शिसे महिना-दीड महिन्यात निम्मे होते, परंतु त्याचा काही भाग हाडांत जाऊन बसतो आणि तेथे दशकानुदशके राहतो. प्रौढ व्यक्तीच्या शरीरातील नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत असते. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर रक्त हे चालू खाते आणि हाडे ही दीर्घ मुदतीची ठेव. ही ठेव मोडली जाते ती नेमकी नको त्या वेळी. गर्भारपणात आणि स्तनपानाच्या काळात आईच्या हाडांतील कॅल्शियम बाळासाठी बाहेर काढले जाते, तेव्हा साठलेले शिसेही रक्तात येते आणि गर्भापर्यंत पोहोचते. उतारवयात हाडे झिजू लागली की पुन्हा तेच घडते.

मुलांचा प्रश्न याहून गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार, सारख्याच शिशापैकी लहान मुलांच्या शरीरात प्रौढांच्या चार ते पाच पट शोषले जाते. त्यांचा मेंदू घडत असतो. थोड्याशा शिशानेही बुद्ध्यंक, एकाग्रता आणि वर्तन यांवर परिणाम होतो आणि तो बहुधा भरून येत नाही. बाहेरून लक्षण काही दिसत नाही. प्रौढांत रक्तदाब वाढणे आणि मूत्रपिंडांना इजा होणे हे परिणाम नोंदले गेले आहेत. शिशाची अमुक एक पातळी निर्धोक आहे, असे आज कोणतीही आरोग्यसंस्था सांगत नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये अन्नातून येणाऱ्या शिशासाठी संदर्भ-पातळ्या ठरवल्या. मुलांसाठी दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम आणि प्रसूतिक्षम वयाच्या स्त्रियांसाठी ८.८ मायक्रोग्रॅम. समजा, जगात काही तास राहिलेल्या सरबतात लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम शिसे उतरले. २०० मिलिलिटरच्या एका पेल्यातून २० मायक्रोग्रॅम पोटात जातील. स्त्रीसाठीच्या पातळीच्या ते दुपटीहून अधिक आणि मुलासाठीच्या नऊपट होईल. रिकाम्या पोटी शिसे अधिक शोषले जाते, म्हणून सकाळी अनशापोटी लिंबूपाणी घेण्याची सवय असणाऱ्यांनी तरी त्यासाठी हा पेला वापरू नये.

लॅन्सेटमधील लेख आला त्याच वर्षी, १९९१ मध्ये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नागरिकांना सूचना दिल्या; कॅनडाच्या आरोग्य विभागाचा सल्लाही त्याच धर्तीचा आहे. या सूचनांचे सार घरगुती वापराच्या भाषेत असे सांगता येईल :

१. क्रिस्टलच्या भांड्यात कोणतेही पेय अथवा खाद्य साठवू नये. रात्रभर तर नाहीच. सरबत स्टीलच्या किंवा साध्या काचेच्या भांड्यात करावे आणि तेथेच ठेवावे. लोणचे, मुरंबा, चटणी, सिरका यांसाठी क्रिस्टलची बरणी वापरू नये.

२. गर्भवती, स्तनपान करणाऱ्या माता आणि लहान मुले यांना क्रिस्टलच्या पेल्यातून आंबट पेय देऊ नये. तान्ह्या बाळासाठी भेट आलेली क्रिस्टलची दुधाची बाटली किंवा पेला केवळ आठवण म्हणून ठेवावा. दूध लिंबासारखे आंबट नसले तरी कोमट असते, आणि बाळ दिवसातून अनेकदा तेच पिते.

३. रोजच्या वापरात क्रिस्टल आणू नये. सणासुदीला पाहुण्यांना द्यायचेच असेल, तर पेय आयत्या वेळी ओतावे आणि उरलेले त्यात राहू देऊ नये.

४. गरम पेय, कढत पाणी यांसाठी ही भांडी वापरू नयेत. उकळून गार केलेले पाणी दिवसभरासाठी भरून ठेवायलाही क्रिस्टलचा जग योग्य नाही. पाणी लिंबाइतके शिसे ओढत नाही, परंतु दिवसभराचा सहवासही थोडा नसतो.

५. भांडी हाताने, सौम्य साबणाने आणि कोमट पाण्याने धुवावीत. भांडी धुण्याच्या यंत्रातील तीव्र क्षारांनी काचेचा पृष्ठभाग खराब होतो.

६. नवी भांडी वापरण्यापूर्वी २४ तास व्हिनेगर भरून ठेवावीत आणि स्वच्छ विसळावीत, असे सुचवले जाते. त्याने वरचे सुटे शिसे निघून जाते. मात्र एवढ्याने भांडे साठवणुकीस योग्य झाले, असे समजू नये.

जेवणाच्या पंगतीपुरते, तास-अर्धा तास पेल्यात राहिलेल्या पेयात उतरणारे शिसे सामान्यतः अल्प असते. एखाद्या समारंभात कोणी क्रिस्टलच्या पेल्यातून सरबत प्यायले, म्हणून धास्तावून डॉक्टरांकडे धावण्याचे कारण नाही. रोजचा वापर आणि साठवण, विशेषतः गर्भवती व मुले असलेल्या घरात, ही खरी चिंतेची बाब आहे. असा वापर वर्षानुवर्षे झाला असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्तातील शिशाची तपासणी करून घेता येते.

घरातील संच शिशाचा आहे की नाही, हे ओळखायचे कसे? बाजारात ‘क्रिस्टल’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. साच्यात दाबून केलेल्या साध्या काचेच्या नक्षीदार पेल्यांनाही तेच नाव दिले जाते आणि त्यांत शिसे नसते. टिचकी मारल्यावर घुमणारा लांब नाद, हाताला जाणवणारे वजन आणि पैलूंतील रंग ही शिशाची लक्षणे मानतात, परंतु ती नवख्याला फसवू शकतात. व्यापारी घरात अधिक भरवशाची एक रीत सहज जमण्यासारखी आहे. सोन्याचा कस पाहणाऱ्यांना ती नवी नाही. पेला कोरडा असताना अचूक वजन करावे. मग काठोकाठ भरलेल्या पातेल्यात तो पूर्ण बुडवून बाहेर सांडलेल्या पाण्याचे वजन करावे. पेल्याच्या आत हवा अडकू देऊ नये. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की घनता मिळते. ५८० ग्रॅमच्या पेल्याने २०० ग्रॅम पाणी सांडले, तर घनता २.९. साध्या काचेची घनता २.५ च्या आसपास असते. १९६९ च्या युरोपीय निर्देशात २४ टक्के शिशाच्या काचेसाठी किमान २.९० आणि ३० टक्क्यांसाठी किमान ३.०० घनता सांगितली आहे. आकडा तेवढा आला, तर ती काच शिशाची धरून चालावे. त्याहून कमी आला, तर शिसे मुळीच नाही असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. शंका राहिली, तर क्ष-किरण पद्धतीने काच न फोडता तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. नाहीतर संच शोभेपुरता ठेवावा, हे सर्वांत स्वस्त.

नवी खरेदी करणाऱ्यांपुढे आता चांगले पर्याय आहेत. शिशाऐवजी बेरियम, जस्त, टायटेनियम अशा धातूंचे ऑक्साइड वापरून केलेली चकचकीत आणि मजबूत काच अनेक कारखाने बनवतात. खरेदी करताना ‘क्रिस्टल’ या शब्दावर न थांबता ‘शिसेविरहित’ असे खोक्यावर छापलेले आहे का, हे पाहावे.

भांड्यांचा अथवा भेटवस्तूंचा व्यापार करणाऱ्यांची जबाबदारी एक पायरी पुढची आहे. काचेच्या भांड्यांतून शिसे किती सुटते, हे मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे. भांड्यात चार टक्क्यांचे ॲसिटिक आम्ल २४ तास ठेवून त्यात उतरलेले शिसे मोजले जाते. माल मागवताना अशा चाचणीचा दाखला मागावा. न देणाऱ्या पुरवठादाराविषयी सावध राहावे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १९८६ च्या कायद्यान्वये अशा वस्तूंवर इशारा द्यावा लागतो, हे निर्यातदारांनी ध्यानात ठेवावे. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन दायित्वाची तरतूद आली असून, वापराविषयी पुरेशी सूचना वा इशारा न देणे हेही दायित्वाचे कारण ठरू शकते. कायदा बाजूला ठेवला, तरी काउंटरवरचे एक वाक्य पुरेसे आहे : “हा जग शोभेचा आहे, यात सरबत भरून ठेवू नका.” ज्या पेढीवर असे सांगितले जाते, तेथे ग्राहक पुन्हा येतो. एखादी विक्री कमी झाली, तरी नाव शिल्लक राहते आणि व्यापारात तेच खरे भांडवल.

उरतो प्रश्न घरात आधीच असलेल्या संचाचा. तो फेकण्याची गरज नाही. आजीच्या काळातील सुरई, लग्नात आलेला जग यांना भावनेचे मोल असते आणि कपाटात राहून ती कोणाचे वाईट करत नाहीत. त्यांत फुले ठेवता येतात. फुटलेच तर ही काच बाटल्यांच्या भंगारात मिसळू नये. शिशामुळे सारा माल बिघडतो. एक काम मात्र आज करण्यासारखे आहे. खोकी हरवतात, चिठ्ठ्या निघून जातात आणि माहिती असलेली पिढीही कायम घरात नसते. म्हणून संच पुसून परत ठेवताना प्रत्येक जगाच्या आणि सुरईच्या तळाशी कागदाची एक छोटी पट्टी चिकटवावी : “शिशाची काच. खाण्यापिण्याचे साठवू नये. मुलांना देऊ नये.” पुढे हा संच जिच्या हाती जाईल त्या सुनेला कोणाला विचारत बसावे लागणार नाही.